ह्यांनी कुणाकुणाला 'येतो' म्हटलंय?

मंडळी, मी सांगतेय आणि नात टाइप करतेय. चुका सापडल्या तर तिला रागवा, मला अक्षरओळख नाही.

आज दुपारी ह्यांचा फोन वाजला. हे जाऊन महिना झाला.

"आजोबा, मी एअरपोर्टच्या बाहेर उभी आहे. तुम्ही घ्यायला येतो म्हणाला होतात ना?"

नव्वदीतही ह्यांनी शब्द दिला, आणि मला पत्ता नाही!

मायदेशातून इथे शिकायला येणाऱ्या मुलांना आणायला हे आयुष्यभर गेले. आमचं गाव पिस्कॅटवे येईपर्यंत गाडीत बेसबॉल शिकवायचे. पोरं पेंगायची, ह्यांना वाटायचं माना डोलावतायत! अलीकडे गाडी मुलगा चालवायचा, पण शिकवणी चालूच.

मला खरं सांगवेना. म्हटलं, "ते मॅच सोडून उठत नाहीत गं. तू हलू नकोस, माझा मुलगा येतोय."

मुलगा मीटिंग सोडून धावला. पोर दारात दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मग जवळ बसवून तिला खरं सांगितलं.

आता ती जेवून झोपलीय, आणि मी फोन मांडीवर घेऊन बसलेय. तुमच्या ओळखीचं आणखी कुणी ह्यांच्या भरवशावर निघालंय का? असेल तर आत्ताच कळवा बाई.