चपला काढायची जागा

इतर दवाखान्यांत औषधांच्या रिकाम्या बाटल्या साचतात. आमच्याकडे औषधच नव्हतं, त्यामुळे नुसते किस्से साचले! पनवेलला बाजाराच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत टेबल टाकून मी बसायची. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. अजूनही मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "सुलभा, तुझ्या त्या डॉक्टरांचं सांग ना!" मी सांगते, सगळ्या हसतात, मीही हसते. पण हल्ली शेवटच्या किश्शापाशी आलं की पुढं सांगायला नको वाटतं.

डॉक्टर इथलेच, करंजाड्याचे. त्यांचे वडील धर्मानाना गावचे हाडवैद्य. खांदा निखळला, पाय मुरगळला की लोक नानांच्या ओटीवर जाऊन बसायचे. नव्या शहरासाठी सरकारनं शेत घेतलं, त्या पैशातून नानांनी मुलाला इंग्लंडला धाडलं. मुलगा परत आला तो ऑस्टिओपॅथ होऊन. म्हणजे सुई नाही, गोळी नाही, सांधे आणि कणा हातांनीच तपासायचे आणि हातांनीच मोकळे करायचे.

पाटी लागली त्या दिवशी नाना आले. दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हातानंच करायचं होतं तं घरात काय कमी होतं?"

आणि उंबऱ्यावरूनच परत गेले. तेव्हा नाना जरासे वाकून चालायला लागले होते. वडिलांनी एकदा आपल्या टेबलावर आडवं व्हावं, एवढीच डॉक्टरांची इच्छा होती. बाकी सगळं पनवेल आलं तरी त्यांना ती एक पाठ हवी होती.

* * *

नव्या पेशंटला काय काय होणार ते आधी समजावून सांगणं हे माझं काम. माझं भाषण पाठ होतं. "पहिल्या वेळी तासभर लागेल. डॉक्टर जुनं सगळं विचारतील, लहानपणी झाडावरून पडला असाल तर तेसुद्धा. उभं करतील, वाकवतील, चालवतील. कपडे सैल घालून या. दुसऱ्या दिवशी अंग थोडं दुखेल, घाबरू नका."

सगळे "हो हो" म्हणायचे. ऐकत कोणीच नसे!

सुकापूरच्या एक बाई दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला घेऊन हजर. "काल एकाच जागी दुखत होतं, आज सगळीकडे दुखतंय! हे काय?"

मी म्हटलं, "बाई, मी काल सांगितलं होतं ना, थोडं दुखेल म्हणून."

"मला वाटलं, ते बाकीच्यांना सांगता!"

आठवड्यानं बाई स्वतःहून पुन्हा आल्या. येताना जाऊबाईंना घेऊन आल्या, आणि माझं भाषण त्यांनीच जाऊबाईंना म्हणून दाखवलं.

* * *

न्हावा शेवा बंदरावरचा एक ट्रेलर ड्रायव्हर यायचा. पंजाबी, दांडगा गडी. कमरेनं पार वैतागलेला. डॉक्टरांचा हात इतका हलका की तो टेबलावर चक्क घोरायला लागला. उठला तेव्हा कंबर मोकळी झाली होती, पण चेहरा पडलेला.

"डॉक्टरसाब, कट् तो बोला ही नहीं!"

आवाज आल्याशिवाय उपचार झाला, हे त्याला पटेना. डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं की प्रत्येक वेळी आवाज यावा लागत नाही. तो ढिम्म. शेवटी डॉक्टरांनी त्याला पुन्हा पालथं झोपवलं, एक हात त्याच्या कमरेवर ठेवला आणि दुसऱ्या हाताची स्वतःचीच बोटं मोडली. कडाकड!

"अब आया!" म्हणून गडी हसत बाहेर पडला. मला म्हणतो, "मॅडम, पहले वाला फालतू था, बाद वाला असली."

* * *

डॉक्टरांची खरी तपासणी मात्र पेशंट आत जाण्याआधीच व्हायची. दवाखान्यात चपला दाराशी काढायच्या, पण तिथं टेकायला बाक मुद्दाम ठेवलेला नव्हता. आतल्या खोलीच्या दाराला जाळीचा पडदा होता आणि त्याआडून डॉक्टर बघत असायचे. कोणता पाय आधी उचलला, भिंतीला कोणता हात लावला, पट्टा सोडवायला वाकला की पायानंच चप्पल ढकलून दिली. त्यावरून त्यांना निम्मं कळायचं.

एक बँकवाले साहेब मानेची तक्रार घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, "आधी डावा गुडघा बघू." साहेब उडालेच. गुडघ्याचं त्यांनी घरी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं!

झालं, पनवेलभर बातमी पसरली की हे डॉक्टर चपला बघून रोग ओळखतात. एका आजीबाईंनी तर नातीच्या लग्नाचा योग कधी आहे तेही विचारून घेतलं. आणि एक दिवस एका गृहस्थांनी माझ्या टेबलावर पिशवी ठेवली.

"काय आहे यात?"

"मिसेसच्या चपला. तिला ऑफिसमुळे यायला जमत नाही. डॉक्टरांना म्हणावं, बघून ठेवा, संध्याकाळी घेऊन जातो."

* * *

एवढ्या चपला बघितल्या डॉक्टरांनी, एका माणसाच्या तेवढ्या काढताना दिसल्या नाहीत. नाना बाजाराला आले की वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन दारापर्यंत यायचे. मी म्हणायची, "नाना, आत या की."

"नाय बाय. चपला कोन काढंल नि परत घालंल?"

पिशवी माझ्या हातात द्यायचे आणि वळायचे. पडद्यामागं डॉक्टर उभे असायचे. आम्हाला तो हट्ट वाटायचा. म्हाताऱ्याचा ताठा अजून गेला नाही, म्हणून डॉक्टर आणि मी हसायचोसुद्धा. त्या हसण्याचं आज फार वाईट वाटतं.

कारण ताठा नव्हताच. वीटभट्टीवरच्या एक कातकरी बाई मान धरून आल्या होत्या. मी विचारलं, "कुणी पाठवलं?"

"नानांनी. म्हनाले, माज्यानं होनार नाय, पोराकडं जा. पन माजं नाव सांगू नको."

मग माझ्या लक्षात आलं की अवघड पेशंट करंजाड्याकडूनच जास्त येत होते. मी ते आत जाऊन सांगितलं. त्या दिवशी प्रत्येक पेशंटला डॉक्टरांनी जास्तच वेळ दिला.

* * *

हा किस्सा हसण्याचा नाही, पण याशिवाय पुढचा कळणार नाही.

शाळेतून निवृत्त झालेल्या एक जोशीबाई पाठ दुखते म्हणून आल्या. डॉक्टरांनी बराच वेळ हात लावून बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाई, हे माझं काम नाही. तुम्ही मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. उद्याच जा."

नेहमी डॉक्टर आतूनच "पुढचे!" म्हणून हाक द्यायचे. त्या दिवशी ते बाईंसोबत दारापर्यंत आले. वाकले, बाईंच्या चपला उचलल्या, बाहेरच्या बाजूला तोंड करून नीट जोडून ठेवल्या. बाईंना नुसते पाय सरकवायचे होते.

"अहो डॉक्टर, तुम्ही कशाला!" बाई संकोचून गेल्या.

त्या दिवाळीपर्यंत राहिल्या नाहीत. त्यानंतरही एक-दोघांच्या बाबतीत तसंच झालं. आपला हात जिथं चालत नाही तिथं डॉक्टर एवढंच करायचे, दारापर्यंत येऊन चपला जोडून द्यायचे. पुढं पुढं डॉक्टर पेशंटबरोबर दाराकडं येताना दिसले की पुढची तारीख लिहायला उघडलेली वही मी मिटून ठेवायची.

* * *

आणि मग तो सोमवार. गर्दी नव्हती. दारात नाना उभे! हातात पिशवी नव्हती. आणि सरळ उंबरा ओलांडून आत आले.

मी पायांकडं बघितलं. पाय अनवाणी, धुळीनं भरलेले.

"नाना, चपला?"

"घरी ठेवल्या. ह्यो चपला बगून वळखतो ना? आज हातानं वळखू दे."

पडदा बाजूला झाला. डॉक्टरांनी बापाचा हात धरला आणि आत नेलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते घडलं होतं, आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. आतून फक्त नानांचाच आवाज येत होता. "हितं नाय, जरा खाली. अंगठा वापर, बोटं नको. हां, तितंच." मला हसू आवरेना. टेबलावर आडवं होऊनही नाना शिकवतच होते!

मग हळूहळू नानांचं बोलणं थांबलं.

आधी नाना बाहेर आले. माझ्या टेबलापाशी थांबले आणि आतपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "पोराचा हात बरा हाय, बाय. माज्यापेक्षा हलका."

आणि त्यांच्या मागून डॉक्टर बाहेर आले. हाक न देता दारापर्यंत आले. चपला काढायच्या जागेपाशी वाकले आणि हात पुढं केला. तिथं काहीच नव्हतं. डॉक्टर तसेच वाकून राहिले.

नानांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"ऊठ बाला. कंबर धरंल."