स्क्रीनवरचं बियाणं

माझ्या थोरल्या साडूचा हात मोडला तेव्हा मी टेबलाखाली होतो. कंपनीचा कॉम्प्युटर वाचवायला खाली गेलो, असं मी पुढं बरीच वर्षं सासुरवाडीत सांगितलं. कॉम्प्युटर टेबलावर होता, हे फक्त मेहुणीच्या ध्यानात आलं.

साडू जाफराबादला बियाण्याच्या डेपोवर होता आणि मी त्याच कंपनीच्या जालन्याच्या ऑफिसात. नव्वदचं दशक सरत आलं होतं. कंपनीनं नवी सिस्टिम आणली. कारखान्यातून काय निघालं, कोणती गाडी कुठं गेली, कोणत्या डेपोत किती शिल्लक, सगळं जालन्यात एका स्क्रीनवर दिसणार होतं. पुण्याहून आलेल्या पोरांनी विचारलं, टायपिंग कुणाला येतं? लग्नाच्या बाजारात भाव यावा म्हणून मी कधीकाळी टायपिंग शिकलो होतो. हात वर केला आणि जिल्ह्यातले सगळे डेपो माझ्या गळ्यात पडले.

आता आमच्याकडं माणूस निघाला की पोचला असंच धरतात. फोनवर 'हे काय, पोचलोच' म्हणणारा अजून न्हाणीत असतो, आणि ऐकणारा चहा टाकतो. जाफराबादचा फोन सकाळी तेवढा नीट चालायचा, आणि नोंद त्या फोनच्या तारेवरूनच जालन्याला जायची. म्हणून साडू सकाळीच विचारायचा, "गाडी निघाली का?" निघाली म्हटलं की तिथल्या तिथं 'माल मिळाला' अशी नोंद करून मोकळा. गाडी संध्याकाळपर्यंत यायचीच. पुण्याच्या पोरांना ही रीत कुणी सांगितली नाही, कारण ही रीत आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

मृगाचे दिवस होते. कपाशीच्या एका वाणावर सगळ्यांचा जीव अडकला होता. लाइट गेली की साडूचा कॉम्प्युटर बंद पडायचा, म्हणून मी जनरेटरसाठी डिझेलचा डबा घेऊन जीपनं जाफराबादला गेलो. साडूनं सकाळीच नोंद केली होती आणि गाडीचा वाटेत स्प्रिंगचा पाटा तुटला होता. स्क्रीनवर जाफराबादचं गोदाम भरलेलं दिसत होतं. जालन्यानं ते पाहून पुढची गाडी घनसावंगीकडं वळवली, आणि दारात येईल त्याला जाफराबादला जा म्हणून सांगितलं.

गोदामात माल होता, पण परतीचा. गेल्या साली न खपलेलं तेच वाण, त्याच कापडी पिशव्या, तेच चित्र, फक्त कोपऱ्यात छापलेलं साल वेगळं. कंपनीनं तपासलं होतं, ते उगवत नव्हतं. जालन्याला परत जायचं म्हणून थप्पी लावून ठेवलं होतं. ते कुणाच्या रानात पडलं असतं तर त्याचं अख्खं साल गेलं असतं.

दुपारपर्यंत डेपोसमोर माणूस मावेना. तेवढ्यात धावडा गावचा एक जण थेट जालन्याहून आला. "म्या सोता इचारून आल्तो," तो ओरडून सांगू लागला. "हेड ऑफिसात कॉम्प्युटरवर दिसून राह्यलं, माल हितंच हाय."

"गाडी वाटंत हाय, बापू," साडू म्हणाला.

"मंग मशीन खोटं बोलून राह्यलं का?"

साडूनं माझ्याकडं पाहिलं. मी मशीनकडं पाहिलं.

पहिला दगड पत्र्यावर पडला. दुसरा खिडकीतून आला आणि स्क्रीनच फुटली. त्याच वेळी मी टेबलाखाली गेलो. लोक आत घुसले. कुणी साडूची कॉलर धरली, कुणी केस. ओढत त्याला गोदामाच्या दाराशी नेलं.

"किल्ली काढ."

"आत परतीचं हाय. मेलेलं बियाणं हाय ते."

"मेलेलं कुलपात ठिवत्यात व्हय? बलॅकनं इकायचंय तुला."

"न्हाई देणार. पेरसाल अन् बोंबलत बससाल."

मग मारच सुरू झाला. लाथा, चपला, एका पागोटेवाल्याच्या हातात फावड्याचा दांडा. साडू दाराला पाठ लावून बसला आणि किल्ली त्यानं मुठीत धरली. दांडा त्या मुठीवर बसला. लाकूड मोडल्यासारखा आवाज आला, पण दांडा धड होता. साडू ओरडला नाही, नुसता वाकला. मूठ तशीच. किल्ली निघेना म्हणून दोघांनी पहार आणली आणि कोयंड्यावर घाव घालू लागले.

"साडूभाऊ," साडूनं पायांच्या गर्दीतून हाक मारली. "मागलं दार. डिझेल वता समद्यावर."

ऑफिसातून गोदामात जायला एक छोटं दार होतं. मी डबा घेऊन रांगत गेलो. उभं राहूनही जाता आलं असतं. थप्पीवर चढलो आणि ओतत सुटलो. निम्मं पिशव्यांवर, निम्मं माझ्या पँटवर. कुणी बिडी ओढत आत आलं असतं तर ही हकीकत सांगायला मी नसतो.

कोयंडा तुटला. लोक आत आले आणि वासानं थबकले. एकानं पिशवी उचलली, हुंगली, खाली टाकली. डिझेलनं भिजलेलं बी कुणीच पेरत नाही. मग कुणीतरी रिकामा डबा उचलून माझ्या टाळक्यात घातला.

पोलीस आले तेव्हा मी गर्दीच्या तळाशी होतो. त्यांनी सगळ्यांना सरसकट झोडपलं. मी कंपनीचा माणूस आहे असं सांगत होतो, पण एक बाही गेलेली, तोंडावर रक्त, अंगाला डिझेल. मलाही मांडीवर दोन बसल्या.

पाटा बदलून गाडी दिवस मावळायच्या आत आली. साडूचा हात उपरण्यानं गळ्यात बांधला होता आणि मनगट वांग्यासारखं सुजलं होतं. फौजदार म्हणाला, दवाखान्यात चला. साडू म्हणाला, आधी वाटप.

पोलिसांनी रांग लावली. ओठ फुटलेले, डोकी बांधलेली माणसं मुकाट उभी होती. मी पिशव्या उचलून देत होतो, साडू डाव्या हातानं पुढं सरकवत होता. मधेच तो पागोटेवाला समोर आला. पाठीवर लाठीचा वळ, सदरा फाटलेला. साडूनं त्याला ओळखलं. मी एक पाऊल मागं झालो.

त्यानं पिशव्या घेतल्या आणि तिथंच घुटमळला. "हात मोडला का?" खाली बघत त्यानं विचारलं.

"मोडला," साडू म्हणाला. "पिशवीवरचं साल बघून घे. बराबर हाय का?"

त्यानं पिशवी उजेडाला धरली. "बराबर हाय."

"मंग सरक पुढं. मागं माणसं हायेत."