एकवीस गावांचा निरोप

धानोऱ्याच्या पुढे बैलगाडीची चाकोरी संपते आणि सागवानातून जाणारी पाऊलवाट तेवढी उरते. त्या वाटेवरच्या एकवीस गोंड गावांचा निरोप्या कोलू नरोटे होता. हे काम त्याला पित्याकडून लाभले होते, आणि कुळात आलेली पूजा एखाद्याने सांभाळावी तसे त्याने ते सांभाळले होते. कुठे लग्न ठरले, कुठे मृत्यू झाला, कुठे गावांनी एकत्र बसायचे ठरवले, की कोलू कमरेला माहुलवेलीच्या सालीच्या दोऱ्या खोचून निघे. प्रत्येक गावाला एक दोरी. आणि ठरलेल्या दिवसाला जितके दिवस उरले असतील तितक्या तिला गाठी. गावाने रोज सकाळी एक गाठ सोडायची. शेवटची गाठ सुटली, की तो दिवस उजाडला.

या कामाचे दोन नियम पित्याने त्याला सांगून ठेवले होते. गावाचा शब्द गाव बसलेले असतानाच उच्चारायचा. घरटी एक माणूस जमिनीवर बसल्याखेरीज त्या शब्दाला अस्तित्व नाही. आणि हाती घेतलेला निरोप पोचवल्याखेरीज निरोप्याने आपल्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. दुसऱ्या नियमाची अट कोलूला फारशी जाचत नसे. त्याची पत्नी मंगली तापाने गेली त्याला आठ वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते, आणि उंबऱ्याच्या आत वाट पाहणारे कोणी नव्हते. एकवीस गावांत त्याला पाणी मिळे, आंबील मिळे, झोपायला ओसरी मिळे. पण गाव बसू लागले की तो उठे, कारण निरोप्याचे घर त्या घरटी माणसांत मोजले जात नसे.

त्याचे आणखी एक वेगळेपण होते. मराठी शाळेची चौथी इयत्ता शिकलेला एकवीस गावांच्या त्या पट्टीतला तो एकटाच. अक्षराच्या या देणगीनेच पुढे त्याचा घात केला.

एकोणीसशे चोपन्न साल सरत आले होते. देशातली राज्ये नव्याने आखण्याचे चालले होते, आणि त्यासाठी लोकांचे म्हणणे ऐकून घेणारे दोन अधिकारी चांद्याला येणार अशी वार्ता गडचिरोलीच्या नानाजींनी कोलूला दिली. नानाजी कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. मनुष्य तोंडाळ, परंतु मनाचा निर्मळ.

"कोलूभाऊ, भाषेवरून राज्य वाटून राह्यले," नानाजी म्हणाले. "मराठीवाले मागते, हिंदीवाले मागते. तुमची भाषा कोण मोजते? तुम्ही बोलले नाई तर तुमच्या रानाची वाटणी तुम्हाले न इचारता होते."

"मागाचं काय, नानाजी?"

"ते मले काऊन पुसतं? मी लिहिणारा. पुसाले तुझी एकवीस गावं आहेत ना."

गावांना विचारले गेले. गावे बसली. तीन दिवस बसली, आणि जे ठरले ते नानाजींनी एका पानावर उतरवले. गोंडांच्या मुलखाचे एक राज्य असावे. ते देता येत नसेल, तर ज्या राज्यात आम्हाला घालाल त्या राज्याने आमच्यासमोर बसावे. रान कोणाचे, न्याय कोणी करायचा, मुलांना कोणत्या भाषेत शिकवायचे, हे उभयतांनी बोलून ठरवावे आणि दोघांनी पाळावे. भांडण नको, बैठक हवी. घरटी एक माणूस, असे दोनशे जण चांद्याला जाऊन साहेबांसमोर बसतील आणि तिथेच हा शब्द बोलला जाईल, असे ठरले.

दोऱ्यांना गाठी मारण्याचे काम कोलूकडे आले. पिता हे काम करी तेव्हा आधी पट्टीच्या गायत्याकडे, म्हणजे देवकार्य पाहणाऱ्या वृद्धाकडे जाई, काही विचारी, आणि मग दोरी हाती घेई. कोलू नानाजींच्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरापाशी गेला. तारखांवर बोट ठेवून त्याने दिवस मोजले, चालण्याचे पाच दिवस वजा केले, आणि एकवीस दोऱ्यांना बारा बारा गाठी मारल्या. शेवटची गाठ सुटली की सर्वांनी एकत्र निघायचे. त्या छापील चौकटींकडे पाहताना त्याला एक प्रकारची धन्यता वाटली होती.

वाटेत गेलेल्या दिवसांच्या गाठी सोडत दोऱ्या वाटून तो पुढे निघाला, कारण नाव नोंदवायला मराठी येणारा माणूस आधी पोचणे अवश्य होते. नानाजींना हिवतापाने गाठले होते. वैनगंगा ओलांडून कोलू एकटाच चांद्याला आला.

गोंड राजांनी बांधलेल्या त्या तटासमोर तो पहिल्यांदाच उभा राहत होता. दरवाजाच्या दगडात हत्तीला पायांखाली दाबून धरणारा सिंह कोरलेला होता. ज्यांच्या नावाच्या कथा त्याने लहानपणी शेकोटीभोवती ऐकल्या, त्यांचे हे नगर. आणि या नगराच्या बाजारात त्याची भाषा समजणारा एकही माणूस त्याला दिवसभरात भेटला नाही. दोनशे जण येतील, तेव्हा या दगडांना आपली बोली पुन्हा ऐकू येईल, असा विचार त्याच्या मनात आला, आणि तो अंचलेश्वराच्या दरवाजाशी वाट पाहत बसला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मावळेपर्यंत त्यांनी यायला हवे होते. कोणी आले नाही. सकाळ झाली. दरवाजाशी भाजी विकणारी रुखमाबाई दोन दिवस त्याला पाहत होती. तिने त्याच्यापुढे वालाच्या शेंगांची टोपली सरकवली.

"घे ना गा भाऊ. नवीन शेंगा हायेत, आजच्याच. खाल्लं नाईस कालपासून."

कोलूने हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. नव्या शेंगा. देवाला दिल्याखेरीज त्या तोंडात घालायच्या नसतात. त्यांचे पंडुम, म्हणजे नव्या पिकाचा सण, याच दिवसांत येतो. आणि पंडुमाच्या दुसऱ्या दिवशी पोलो असतो. पोलोच्या दिवशी कोणत्याही कामाला हात लावायचा नाही. झाड तोडायचे नाही, नांगर धरायचा नाही, गाठ बांधायची नाही, सोडायचीही नाही.

दोरीवरची एक गाठ त्या दिवशी तशीच राहिली असणार. एकवीस गावांत, एकवीस दोऱ्यांवर. ते येत होते; पण एका दिवसाने मागे. पिता गायत्याकडे जाऊन काय विचारी, ते कोलूला या क्षणी कळले. मध्ये पोलो किती, हे विचारी, आणि तितक्या गाठी कमी मारी.

"काय झालं गा?" रुखमाबाईने विचारले.

"काई नाई, बाई. मोजाले चुकलो."

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. दुपारनंतर कारकुनाने त्याचे नाव पुकारले. दोघांतले वयस्क अधिकारी शांत प्रकृतीचे होते. अर्ज त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि पुस्तकी मराठीत विचारले, "यात लिहिले आहे, दोनशे माणसे समक्ष बोलतील. ती कुठे आहेत?"

"वाटेनं आहेत, साहेब. उद्या येते."

"उद्या पहाटे आम्ही निघतो. पुढच्या गावांना तारखा दिल्या आहेत. तुम्ही बोला ना. तुम्हाला भाषा येते."

कोलू उभाच होता. समोर खुर्च्या होत्या, कान होते, लेखणी होती. इतक्या वर्षांत प्रथमच कोणी विचारत होते. अर्जातले प्रत्येक वाक्य त्याला मुखोद्गत होते. पण भोवतालची जमीन रिकामी होती. आज बोलला असता तर तो शब्द गावांचा राहिला नसता. तो एका माणसाचा झाला असता, आणि त्या माणसाचे घर तर कधी मोजलेच जात नसे.

"मले बोलता येत नाई, साहेब," तो म्हणाला. "मी निरोप्या आहो. ते बसल्यावर बोलीन."

"बरे, तुमचे स्वतःचे मत?"

"एकट्याचं मत नसते आमच्यात."

अधिकाऱ्यांनी चष्मा पुन्हा चढवला. त्यांच्या मुद्रेवर अवहेलना नव्हती. असलाच तर थोडा खेद होता. मग त्यांनी कारकुनाला सांगितले, "अर्ज घ्या. हजर, एक इसम."

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसे आली. पायांवर पाच दिवसांची धूळ, खांद्यावर शिदोऱ्या, हातात काठ्या. झिंगू गायता पुढे होता. विश्रामगृहाचे दार बंद होते आणि चौकीदार मुखरू व्हरांडा झाडत होता. खुर्च्या आत गेल्या होत्या.

कोलूने सगळे सांगितले. काही लपवले नाही.

"मले पुसलं काऊन नाई?" झिंगूने विचारले. गोंडीत विचारले, पण कोणत्याही भाषेत तितकेच हळू वाटावे असा त्याचा स्वर होता.

"कॅलेंडर पाहलं, बाबा."

"त्या कॅलेंडरावर शेंगा उगवते का रे?" मागून बिरजू म्हणाला. दोघे तिघे हसले. बिरजूच म्हणाला, "जाऊ दे. पाय मोकळे झाले. राजाचा किल्ला पाहाले भेटला फुकट."

कोणी त्याला दोष दिला नाही. दोष दिला असता तर बरे झाले असते, असे कोलूला वाटले. रागावलेल्या माणसांच्या मध्ये निदान एक जागा मिळते.

मग झिंगू विश्रामगृहासमोरच्या पटांगणात बसला. त्याच्यामागोमाग दोनशे माणसे बसली, रिकाम्या व्हरांड्याकडे तोंड करून. जे बोलायचे ते एकेका घराने बोलून घेतले. मुखरू झाडणी हातात धरून पायरीशी उभा राहिला. एक शब्द समजत नव्हता, तरी हलला नाही. बोलणे संपल्यावर झिंगूने कोलूकडे पाहिले.

"शब्द झाला. हा आता तुझ्यापाशी."

ते उठले आणि परत चालू लागले. कोलू तिथेच राहिला, कारण निरोप आता त्याच्या हाती होता, तो ऐकणारे निघून गेले होते, आणि घराचा उंबरा त्याला बंद झाला होता.

दोन वर्षे तो चांद्याला राहिला. तटाजवळच्या लाकडाच्या वखारीत ओंडके रचण्याचे काम त्याला मिळाले. दर बाजाराच्या दिवशी तो विश्रामगृहावर जाई. मुखरू त्याला दुरून पाहताच हात हलवी.

"नाई आले गा अजून."

"उद्या?"

"उद्या कलेक्टरसाहेबाचा सासरा येऊन राह्यला. त्याले सांगतं का तुझा निरोप?"

कोलू हसे आणि थोडा वेळ पायरीवर बसे. रुखमाबाई त्याला उरलेली भाजी देई. या दोघांखेरीज त्याला नावाने हाक मारणारे त्या नगरात कोणी नव्हते. गोंडी बोलण्याची सवय तुटेल या भयाने तो ओंडके रचताना एकवीस गावांची नावे क्रमाने पुटपुटे. वर्षातून एकदा त्याची बहीण सोमारी चालत येई. तेव्हा दोन दिवस तो इतका बोले, की तिला झोप येऊ लागे.

छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात कचेरीवर पताका लागल्या. मुखरूने सांगितले, "झाले वाटे, भाऊ. चांदा आता मुंबई राज्यात गेला. आता इथी कोणी नाई यायचा पुसाले. सरकार मुंबईले बसते."

"मुंबई किती दिवसांची वाट?"

"आगगाडीनं दोन दिवस."

"निरोप पायीच नेतेत, मुखरूभाऊ. पायी किती?"

मुखरूने झाडणी भिंतीला टेकवली. "पागल आहेस का? दीड महिना लागन. अन् तिथी तुले कोण ओळखते?"

"इथी तरी कोण ओळखते," कोलू म्हणाला.

महिनाभराने सोमारी आली तेव्हा त्याने साल भिजवून दोरी वळलेली होती, पण तिला एकही गाठ नव्हती. पंचेचाळीस दिवसांत तिथे पोचायचे आणि सेहेचाळिसाव्या दिवशी बोलायचे, असे त्याने ठरवले होते. त्याने बहिणीला समोर बसवले आणि पित्याने गायत्याला विचारावे तशा सावकाश स्वरात विचारले, "बाई, आजपासून सेहेचाळीस दिवस. मधे पोलो किती?"

गेल्या खेपेला भावाने बजावले होते, म्हणून सोमारी निघताना झिंगू गायत्याकडून पट्टीचे सारे सण ऐकून आली होती. तिने बोटांवर मोजले, एकदा चुकली, पुन्हा मोजले. "शेंगांचा एक. एक गायत्यानं रानाच्या देवाचा ठरवला. दोन."

त्याने चव्वेचाळीस गाठी मारल्या. दोरी तिच्या ओंजळीत ठेवली. "झिंगूबाबाले सांगजो, हिच्यावरून वीस दोऱ्या कर म्हणा. तुले पोचाले जेवढे दिवस लागले तेवढ्या गाठी वाटेतच सोडत जाजो. शेवटची सुटन त्या दिवशी दुपारी मी बोलीन."

"कोणाले बोलशील, दादा?"

"जो दार उघडन त्याले."

तिने दोरी कमरेला खोचली. रुखमाबाईने भाकरी बांधून दिली, मुखरू दरवाजापर्यंत आला, आणि बहीण पूर्वेकडे, भाऊ पश्चिमेकडे असे दोघे चालू लागले.

माघ महिन्यात एका सकाळी एकवीस गावांत शेवटची गाठ सुटली. दोन पोलोंच्या दिवशी दोरीला कोणी हात लावला नव्हता. दुपारी कोणी हाक न देता घरटी एक माणूस येऊन आपापल्या गावात मोहाच्या झाडाखाली बसला, मावळतीकडे तोंड करून. कोणी बोलले नाही. बोलायचे होते ते कुठेतरी दूर, कोणाच्या तरी दाराशी, एकटा कोलू बोलत असणार होता. आणि गाव बसलेले असल्याखेरीज त्याला बोलता येत नसे.

कोलूच्या गावात सोमारी सर्वांत शेवटी आली. ती आपल्या नवऱ्याच्या घराच्या जागेवर बसली नाही. भावाच्या बंद घराचा उंबरा तिने सकाळी सारवला होता. त्या घराचे माणूस म्हणून ती बसली. झिंगू गायत्याने माणसे मोजली. तिच्यापाशी येऊन तो क्षणभर थांबला, आणि मग तिलाही मोजून पुढे गेला.