उत्तर दुसऱ्या दिवशी येतं

"वहिनी, हिला काही विचारलं ना, की उत्तर अगदी बरोबर येतं. पण दुसऱ्या दिवशी."

स्वयंपाकघरात आत्या आईला सांगत होती आणि मी पाण्याची बाटली घेऊन दाराबाहेर उभी होते. आई हसली. मला राग यायला हवा होता, पण वाक्य खरं होतं. त्यावर काय बोलायचं हे मला सुचलं, तेसुद्धा दुसऱ्या दिवशी.

विषय माझ्या इंटरव्ह्यूचा होता. बारावीत असताना मी ब्रिटनमधल्या एका नावाजलेल्या विद्यापीठात गणितासाठी अर्ज केला होता. लेखी परीक्षा पार पडली होती. आता तिथले दोन प्राध्यापक मला लॅपटॉपवर भेटणार होते आणि कधी न पाहिलेलं गणित घालणार होते. प्रवेश त्यावरच अडला होता. उत्तरापेक्षा तुम्ही विचार कसा करता ते आम्हाला ऐकायचं आहे, तेव्हा मनातलं बोलत राहा, असं त्यांनी आधीच कळवलं होतं.

हे वाचून आमचं डोंबिवलीचं घर गोंधळून गेलं. आमच्याकडे मला लहानपणापासून एकच शिकवण होती: आधी विचार कर, मग बोल. ठाण्याला ज्या क्लासला जायचे, तिथले सर तर आणखी पुढचे. खात्री नसेल तर हात वर करायचा नाही. रफ वर्क पानाच्या उजव्या कडेला पेन्सिलने करायचं आणि शेवटी त्यावर काट मारायची. मी आजवर जो काही विचार केला होता, तो सगळा त्या काट मारलेल्या पट्टीत होता. आणि आता परदेशातल्या कोणाला तरी नेमकी ती पट्टीच बघायची होती.

बाबांनी घरी सराव सुरू केला. ते प्रश्न वाचायचे, मी गप्प बसायचे, आणि शांतता सहन न होऊन शेवटी स्वतःच उत्तर सांगून टाकायचे. मग आत्याने सूत्रं हातात घेतली. आत्या टिटवाळ्याला राहते आणि जे काही करते ते बोलत बोलत करते. "आता मोहरी टाकते. बाई, तडतडेना ही. तेल तापलं नाही वाटतं. थांबते जरा." हिलाच इंटरव्ह्यूला बसवू, प्रवेश नक्की, असं बाबा म्हणाले. आत्याला ते खरंच वाटलं असावं, कारण ती चष्मा लावून माझ्यासमोर बसली.

त्या दिवशी शंकरपाळे चालले होते. आत्याने प्रश्न घातला की गोल पोळी कापताना कडेचे वेडेवाकडे तुकडे कमीत कमी कसे निघतील. मी विचार करायला लागले. ती वाट बघत राहिली. तेलातून धूर यायला लागला तेव्हा आईने गॅस बंद केला. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी आत्याला सांगितलं की पोळी मुळात चौकोनीच लाटावी. तिने मला शंकरपाळ्यांचा अर्धा रिकामा डबा दाखवला आणि काहीही न बोलता झाकण लावलं. तिला न बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

इंटरव्ह्यू दुपारी होता. आईने मिक्सरला हात लावला नव्हता, वरच्या मजल्यावरच्या काकांना ड्रिलिंग उद्यावर ढकलायला सांगितलं होतं, आणि कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून माझ्यामागचे सगळे कपडे उचलून माझ्यासमोर, लॅपटॉपच्या भोवती रचले होते. त्या ढिगाच्या मधोमध स्क्रीनवर एक बाई आणि विटक्या स्वेटरमधले एक आजोबा. दाराबाहेर बाबा, आई आणि खास त्यासाठी आलेली आत्या.

पहिलं गणित कसंबसं झालं. दुसरं दिसायला सोपं होतं. वर्तुळावर काही बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांशी सरळ रेषेने जोडायचा आणि वर्तुळाचे जास्तीत जास्त किती तुकडे होतात ते मोजायचं. दोन बिंदूंपासून एकेक वाढवत गेले तसे तुकडे दोन, चार, आठ, सोळा. पुढे सहा बिंदूंना बत्तीस असणार हे उघड होतं. मी मोजले तर एकतीस. पुन्हा मोजले, पुन्हा एकतीस. एकतीसच बरोबर आहेत हे मला पुढे कळलं, पण त्या क्षणी माझी मोजणी चुकली याबद्दल मला जराही शंका नव्हती. आणि चुकलेलं उत्तर बोलून दाखवायचं नसतं. मी चेहरासुद्धा न हलवता गप्प बसले.

बऱ्याच वेळाने त्या बाईंनी हळूच विचारलं, आवाज येतोय ना आमचा?

मी मान हलवायच्या आत बाहेर पावलं धावली. बाबांनी दाराआडून ते ऐकलं होतं, आणि नेटची शंका आली की आमच्या घरात एकच उपाय असतो. त्यांनी राऊटर बंद करून पुन्हा चालू केला. स्क्रीन खरोखरच काळी झाली.

राऊटरचे दिवे लागेपर्यंत मी कपड्यांच्या ढिगाकडे बघत बसले. दार किलकिलं झालं आणि आत्याचं डोकं आत आलं.

"नेट गेलं नव्हतं ना गं? तूच गेली होतीस."

तिने दार लावून घेतलं.

चित्र परत आलं. आजोबांनी दिलगिरीच्या सुरात विचारलं, तुमच्याकडे कनेक्शनचा त्रास आहे का? हो म्हणणं फार सोपं होतं. बाबांनी त्याची सोयही करून ठेवली होती. माझ्या कागदावर उजव्या कडेला एकतीस लिहिलेलं होतं, त्यावर काट मारायला पेन्सिल टेकवलेली होती. मी ती खाली ठेवली आणि कागद उचलून कॅमेऱ्यासमोर धरला.

"कनेक्शन ठीक होतं, मीच गप्प होते," मी इंग्रजीत म्हणाले. "बत्तीस यायला हवेत असं मला वाटतंय, पण मोजले की एकतीसच येतात. का, ते मला माहीत नाही."