पारूचं ओलं लुगडं

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो गेला, मुलं आपापल्या संसाराला लागली, तरी हे माझ्यापाशीच राहिलं. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला बोल लावणार नाही, असं वाटतं म्हणून — आणि लावलात तरी लावा.

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांत मी शेवगावकडच्या एका लहानशा मिशन दवाखान्यात नर्स होते. माझ्याबरोबर रूथ. नगरच्या एकाच बोर्डिंगात आम्ही वाढलो, नर्सिंगही बरोबरच शिकलो. शिक्षण सारखं, पगार सारखा. फरक एवढाच — तिला दिसायचं. म्हाताऱ्याचं तोंड किंचित वाकडं झालेलं आधी तिला दिसायचं, आणि दुपारपर्यंत त्याचा हात लुळा पडायचा. एखादी बाळंतीण बाळाला जवळ न घेता भिंतीकडे बघत पडली, की रूथ म्हणायची, हिला एकटीला सोडू नका. डॉक्टरसाहेब खाटेपाशी थांबून विचारायचे, "रूथ, तुला काय वाटतं?" मग माझ्याकडे वळायचे. "चादरी छान आहेत हं."

चादरी! मी जळायचे हो. प्रार्थनेला तिच्या शेजारी बसून गायचे आणि मनात म्हणायचे — हिचं एकदा, एकदाच चुकू दे. देवासमोर बसून असलं कुणी मागतं का? मी मागितलं.

त्यातच पारू आली. शेतकऱ्याघरची सून, सतरा-अठराची. दळता दळता धाडकन पडायची. घरचे तिच्या नाकाला वहाण लावायचे, कांदा फोडून हुंगवायचे. सासू म्हणाली, "सोंगं हायती समदी. काम दिसलं की पडती." रूथने पारूला बरंच काही विचारलं आणि सांगितलं, हे फेफरंच आहे. डॉक्टरांना मात्र वाटत होतं, पोरगी सासुरवासाला कंटाळलीय, मनाचा त्रास अंगावाटे निघतोय. एरवी त्यांनी गोळ्या देऊन पाहिल्या असत्या. पण लढाईमुळे झटक्यांच्या गोळ्या मिळत नव्हत्या. होत्या त्या खात्रीच्या रोग्यांसाठीच राखून ठेवल्या होत्या. म्हणून पारूला ठेवून घेतलं. डॉक्टर आम्हाला म्हणाले, "एक झटका डोळ्यांनी बघा. जीभ चावली, कपडे ओले झाले, तर रूथचं खरं."

रूथचं खरं! नेहमी रूथचंच.

रविवारी सगळे प्रार्थनेला गेले होते. रूथ एका वस्तीवर बाळंतपणाला गेली होती. वॉर्डात मी एकटी — आणि पारूला झटका आला. अंग ताठ झालं, मग आचके, तोंडातून रक्ताचा फेस, लुगडं ओलंचिंब. मी तिला कुशीवर वळवलं. झटका थांबल्यावर तोंड पुसलं, लुगडं बदललं, चादर बदलली, घाण धुवून टाकली. माझं कामच ते, नाही का? इथवर माझ्या हातून काही वाईट घडलं नव्हतं. बऱ्याच वेळाने पारू जागी झाली, लाजेने अर्धी झाली. म्हणाली, "बाई, वली झाल्याली कुनाला सांगू नगा." मी म्हटलं, नाही सांगत.

डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं — "पडली थोडी. डोळे घट्ट मिटून होती. जीभ ठीक आहे, कपडे कोरडे." खऱ्या फेफऱ्यात डोळे उघडे राहतात, हे मला ठाऊक होतं. तोंड उघडून बघायला हवं होतं त्यांनी. पण ते माझ्या शब्दावर राहिले. वर स्वच्छ चादरीकडे बघून म्हणाले, "व्यवस्थित आहे सगळं." पारूला समजावून त्याच दिवशी घरी धाडलं.

दुसऱ्या दिवशी रूथ परतली. डॉक्टर तिला म्हणाले, "यावेळी चुकलीस." ती म्हणाली, "असेल." त्या दिवशी मी पोटभर जेवले. दोनदा भाजी वाढून घेतली.

ज्वारीची काढणी सुरू झाली तेव्हा पारूला बैलगाडीतून परत आणलं. भाकरी थापता थापता चुलीत पडली होती. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला, बोटं एकमेकांना चिकटलेली. मी आणि रूथ पट्टी बांधत होतो. मला बघून पारू एवढ्या वेदनेतही हसली आणि रूथला म्हणाली, "ह्या बाई लई देवमानूस. तवा हितं मला झटका आल्ता. जीभ चावली, लुगडं वलं झालं. ह्यांनी समदं धुतलं, कुनाला सुदिक बोलल्या न्हाईत."

रूथचा हात थांबला. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मग पट्टीचा पुढचा वेढा घेतला.

डॉक्टरांना ती एवढंच म्हणाली, "पारू सांगते, जीभ चावते. गोळ्या सुरू करू या." माझं नाव तिने घेतलं नाही — तेव्हाही नाही, पुढेही नाही. आणि मला तेव्हा काय वाटलं? लाज वाटली असेल म्हणता? ती नंतर. आधी वाटला तो हेवाच. गप्प राहणंसुद्धा तिला माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.

गोळ्यांनी पारूचे झटके थांबले. महिन्याच्या महिन्याला ती गोळ्या न्यायला यायची. उजवा हात पदराखाली झाकलेला. डाव्या हाताने माझ्यासाठी काहीतरी पुढे करायची — कधी हरभऱ्याचे घाटे, कधी शेंगा. रूथ तिथेच उभी असायची.

मी ते घ्यायचे. दर वेळी घ्यायचे.