रंगनाथअण्णांची बंदूक आणि माझा जबाब

आता तुमच्यापासून काय लपवायचं? पुणतांब्यात आमच्या वस्तीवरच्या रंगनाथअण्णांना बंदूक मिळाली नाही, त्यात सरकारचा दोष नाही. सगळं मी केलं.

अण्णा माझे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. माळकरी माणूस, आणि इतका मऊ की बैलाला उठवायचं तरी आधी "बाबा" म्हणणार. उसातल्या बिबट्यानं त्यांची दोन वासरं नेली, तेव्हा घरच्यांनी धोशा लावला आणि अण्णांनी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला. हवेत बार काढला तरी बिबट्या लांब जाईल, एवढीच आशा. चौकशीत शेजाऱ्याचा जबाब घेतात असं कळल्यावर ते माझ्याकडे आले.

"तात्या, माझ्याबद्दल तुमीच सांगा. राहिलेली वासरं आता तुमच्या हातात हायती."

मी नागापूरच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होतो. त्यामुळे लोखंडाच्या कुठल्याही वस्तूचा कायदा आपल्याला कळतो, असा माझा समज. एकनळी कशी असते, दुनळी कशी असते, हे मी अण्णांना तासभर समजावलं. वर म्हणालो, "परवाना काय भित्र्याला देत्यात व्हय? मानसात दम लागतो. तुमी घरात बसा, मी बघतो."

हवालदार आले. चहा झाला. त्यांनी कागद काढला.

"अर्जदाराचा स्वभाव कसा हाय?"

"वाघ हाय साहेब."

"म्हंजी रागीट?"

"लई. एकदा डोकं फिरलं की समोर कोन हाय ते बघत न्हाई."

हवालदारांचं पेन जरा थांबलं. मला वाटलं, छाप पडली.

"कुनाशी भांडन-बिंडन?"

"बांधावरून पाच जनांना एकट्यानं पळवलं हुतं."

पळवलं होतं हे खरं आहे. पण ती माणसं नव्हती, माझ्याच कोंबड्या होत्या.

"दारू?"

नाही म्हटलं तर फार मिळमिळीत वाटेल, असं मला वाटलं. "घेत्यात कदीमदी. पन हात थरथरत न्हाई."

त्यांनी सगळं लिहून माझी सही घेतली. सही करताना मी दुनळीच द्या अशी शिफारसही केली.

पुढे अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. अण्णा ते घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि तिथून सरळ माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"तात्या, साहेब म्हनले, बंदूक शांत मानसालाच देत्यात. आन् मला म्हनले, दारू सोडा."

ते एवढंच बोलले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मान वर करवेना.

मग मी आठ दिवस खपून त्यांच्या गोठ्याला लोखंडी जाळी ठोकून दिली. तेवढं मात्र मला खरंच येतं. वासरं आत सुखरूप राहिली. अण्णांनी घरच्यांच्या आग्रहाखातर पुन्हा अर्ज टाकला.

परवा माझ्या पासपोर्टच्या चौकशीला तेच हवालदार आले. लेकीकडे दुबईला जायचंय, नातू बघायचाय. त्यांनी शेजारी म्हणून अण्णांनाच बोलावलं. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो.

"ह्ये तात्या मानूस कसा हाय?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "देवमानूस हाय साहेब. जाऊ द्या त्यास्नी. आन् जमलं तर माझ्या दुसऱ्या अर्जाची चौकशी त्ये तिकडं असतानाच करा."