भंगार म्हणून सही केलेलं यंत्र

हंगेरीतल्या एका इंजिनीअरबद्दल मी पहिल्यांदा वाचलं ते आमच्या पॉलिटेक्निकच्या वाचनालयात, एका जुन्या इंग्रजी मासिकात. माणूस मूळचा टेलिफोनच्या कामातला. सरकारची मर्जी फिरली आणि त्याची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली. परत आल्यावर त्याने टेलिफोनच्या टाकाऊ रिलेंमधून, विद्यार्थ्यांना हाताशी धरून, गणकयंत्र उभं केलं. मी ते दोन पानी टिपण पाठ होईस्तोवर वाचलं.

रिले आमच्याकडेही होते. वीज आली की खट्कन मिटणारे ते स्विच प्रयोगशाळेत पोतंभर पडले होते. मी तिथली एकटी बाई इन्स्ट्रक्टर, रोहणा गावच्या शेतकऱ्याची मुलगी, नोकरीत अजून कायम न झालेली. प्रयोगशाळेचे मेकॅनिक वयाने वडिलांसारखे. मी कागदावर आकृती काढायची, त्यांनी तारा जोडून सोल्डरचा डाग द्यायचा. दोन वर्षं कॉलेज सुटल्यावर आम्ही हेच केलं. शेवटी फळीवर टॉर्चचे बल्ब लागले आणि यंत्राने पाच आणि सहाची बेरीज बरोबर दाखवली. मेकॅनिक काका खाली बसले.

मग तपासणी समिती येणार असं कळलं. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की बाईंचं हे खेळणं पाहून समिती हसेल. ते निरुपयोगी भंगार आहे असं लिहून द्या. मी कारण विचारलं, तर ते माझ्या कायम होण्याच्या कागदाबद्दल बोलू लागले. मी सही केली.

यंत्र हातगाडीवर चढवताना काकांनी मला एवढंच विचारलं, "काऊन सही केली, मॅडम? मले तरी विचारायचं होतं."

प्राचार्यांचा राग होताच, पण स्वतःचा जास्त आला. तो हंगेरियन सगळं गमावून परत कामाला लागला, आणि मी एका कागदाला भ्यायले.

एकोणीसशे ऐंशीनंतर काही वर्षांनी कॉलेजात विकतचा संगणक आला. त्याच्यासाठी एसी बसवला, नारळ फोडला, चपला बाहेर काढायला लावल्या. प्राचार्य तेच. भाषणात म्हणाले, की असं यंत्र या कॉलेजने आजवर पाहिलं नव्हतं.

मी उभी राहिले.

"पाहिलं होतं, सर. इथंच बनलं होतं. तुम्ही ते भंगारात काढायला लावलं आणि मी सही केली."

पुढचा कार्यक्रम सुरू झाला. संगणकाचं प्रशिक्षण माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या एका सरांना मिळालं. माझ्याकडे मोटार वाइंडिंगचे तास आले. ते मी निवृत्त होईपर्यंत घेतले.

पण दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या तासाला मी वाइंडिंग शिकवलं नाही. फळ्यावर रिलेची आकृती काढली आणि शून्य व एक एवढ्यावर बेरीज कशी होते ते शिकवलं. एकदा विभागप्रमुखांनी दारात उभं राहून विचारलं, हे अभ्यासक्रमात कुठं आहे? नाही, असं मी त्यांना सांगितलं, आणि पुढची ओळ लिहायला फळ्याकडे वळले.